मंगळवारपर्यंत तलंग

आत्याबाई,

तुमच्या नातीला काल पुण्याला नेलं. पोटात गोळा आहे, उद्या सकाळी ऑपरेशन. डॉक्टर म्हणतो लिंबाएवढा आहे, घाबरायचं कारण नाही. कारण नसतं तर तो आपणहून बोलला नसता, एवढं मला कळतं. सगळे तिच्याबरोबर गेले. मला म्हणाले, तुम्ही तिथं काय करणार, जिन्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या द्याल. म्हणून मी इथं पिंपळीतच आहे. सकाळपासून दोनदा घर झाडलं. मग नातवाच्या वहीतला कागद फाडून घेतला. दुसरीपर्यंत शिकलेली बाई मी, अक्षर कसंही येणार, पण तुम्हाला तेवढंही वाचता येत नव्हतं, त्यामुळं अक्षराला तरी तुम्ही नावं ठेवणार नाही. बाकी कशाला ठेवायची सोडली नव्हती.

गोष्ट त्या कोंबडीची आहे. हीच आपली पोरगी दीड वर्षाची होती आणि तिचा गोवर आत बसला होता. तुमचा मुलगा तेव्हा इंदापूरच्या अंगाला, आता भवानीनगर म्हणतात त्या माळावर, कारखान्याच्या बांधकामावर होता. पंधरा दिवसांनी एकदा यायचा. घरात आपण दोघीच. नवव्या दिवशी पोरगी रडायचीही थांबली. मी तिला मांडीवर घेऊन नुसती बसलेली. तुम्ही परसात गेलात, डालगं उचललंत, आणि त्याखालची एक तांबडी तलंग पायाला धरून आत आणलीत. आताच्या पोरांना तलंग म्हणजे काय ते सांगावं लागतं: वाढलेली, पण अजून एकही अंडं न दिलेली कोंबडी. ती तुम्ही पोरीवरून उतरवलीत, तिच्या डोक्याला कुंकू लावलंत आणि म्हणालात, "मरीआई, लेकराला उठीव. आखाडात हीच तलंग तुला." हीच म्हणालात. बोट लावून बोललात, म्हणजे बदलायची सोय राहिली नाही.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "पोरीसाठी तलंग बोलला व्हय? पोरीला पिल्लू बोललं असतं तरी आईनं ऐकलं असतं." तुम्ही दाणे पाखडत होता. सूप न थांबवता म्हणालात, "तुज्या पोराला काय हत्ती बोलली व्हतीस? मग अजून शेंबूड का वाहतोय त्येचा?" मी आत तोंडात पदर धरून हसले. तुमच्या घरात आल्यापासून बहुतेक पहिल्यांदाच.

पण ताप उतरून पोरगी उभी राहीना. खाईना. भाकरीचा काला दिला की थुंकायची, दूध दिलं की ओकायची. माझ्या अंगावरचे चार घोट प्यायची, तेवढ्यावर तगलेली; हाताच्या काड्या झालेल्या. तुमचं म्हणणं एकच, नवस फिटला की खाईल. आखाड अडीच महिन्यांवर होता, आणि ते अडीच महिने तुम्ही त्या कोंबडीची जी बडदास्त ठेवलीत ती मला बाळंतपणात मिळाली नव्हती. तिला सोप्यात सुतळीनं बांधलीत. मुंगूस नेईल, कुत्रं धरेल, कुणी चोरेल. भिजवलेली ज्वारी दिवसातून चार वेळा. बाकीच्या कोंबड्या उकिरडा उकरत, किडे वेचत, वाळूखडे गिळत दिवसभर हिंडायच्या, आणि ही पोत्यावर पाटलिणीसारखी बसलेली. मी एकदा म्हटलं, "आत्याबाई, हिला जरा मोकळं सोडा, लठ्ठ झाली." तुम्ही म्हणालात, "देवाची हाय ती. तुज्यागत दारोदार हिंडायची न्हाय." मी पाण्याला विहिरीवर जायचे, त्याला तुम्ही हिंडणं म्हणायचा.

आखाड सरत आला आणि तिचा तुरा लाल झाला. तुरा असा लाल होतो तो अंड्यावर आल्यावर. मरीआईला गाव कोंबडं देतं तो आखाडाचा शेवटचा मंगळवार सहा दिवसांवर होता. त्यानंतर श्रावण, मग सुरी लावायची नाही. तुम्ही रोज सकाळी सगळ्या कोंबड्यांना बोटानं चाचपून बघायचा, अंडं असेल ती डालग्याखाली, नसेल ती बाहेर. त्या बुधवारी ही फुगून बसली होती, शेपूट खाली, डोळे अर्धे मिटलेले, दर थोड्या वेळानं कळ दिल्यासारखी अंग ताणायची. तुम्ही तिला चाचपलंत. बोट बाहेर काढून लुगड्याला पुसत राहिलात, पुसून झालं तरी पुसत राहिलात. "आलंय," म्हणालात, "आडवं बसलंय."

काकूंना बोलवावं लागलं, तोंड वाईट असलं तरी कोंबड्यांतलं त्यांना कळायचं. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "अंडं काढलं न्हाय तर दोन दिसांत जाईल ही."

"काढलं तर ती तलंग ऱ्हाती का?" तुम्ही विचारलंत.

"अंडं दिलं म्हंजी कोंबडी झाली की."

"तिनं कुठं दिलं? आपुन वढून काढलं तर?"

काकूंनी कोंबडी पोत्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "वढून काढलेलं पोर बी बाईचंच असतं."

त्या गेल्यावर तुम्ही निकाल दिलात. अंडं आत आहे तोवर ती तलंग आहे. मंगळवारपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मी म्हटलं, मंगळवारपर्यंत ती जगायची नाही. माझ्या आईच्या दोन गेल्या होत्या अशाच. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तसं तुम्हाला त्याआधी कधी बघितलं नव्हतं. रागावलेल्या मी रोज बघायचे, हे निराळं होतं. म्हणालात, "मेली तर देवाला मेलेली दिऊ का? आन् जिती अंड्याची दिली तर आई म्हनंल, फशिवलंस. मंग ती पोरीकडं बघंल. तूच सांग मी काय करू." तुम्ही मला काही विचारल्याची ती एकच वेळ. पोरगी दारात बसून माती चाटत होती. तिला उठवून आत घ्यायचंही आपल्या दोघींना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. बारामतीचा बाजार. वांग्याची पाटी न्यायलाच हवी होती, नाहीतर तुम्ही तिच्याजवळून हलला नसता. जाताना तीनदा बजावलंत, हात लावू नको. तुम्ही ओढ्यापलीकडं दिसेनाशा झाल्यावर मी पाणी तापवायला ठेवलं.

घमेल्यात कोमट पाणी, त्यात तिला बसवली. ती धडपडेल वाटलं होतं, पण तिच्यात जोरच नव्हता. मान माझ्या मनगटावर टाकून पडली. पाण्यात बसवायची, काढायची, करडईचं तेल लावायचं, परत बसवायची. आत फुटलं तर संपलं, टरफल आतून कापतं, हे मला माहीत होतं. मी मोठ्यानं शिव्या देत होते, कोंबडीला, तुम्हाला, देवीलासुद्धा. मरीआईला मी काय काय बोलले ते लिहीत नाही. पोरगी जवळ येऊन उकिडवी बसली आणि बघत राहिली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा अंडं फिरलं. अंगठ्याखाली कळलं मला. मग एका कळेसरशी आलं, रक्ताचा ओघळ असलेलं, खडबडीत, पहिलंच असून हे एवढं मोठं. कोंबडी बराच वेळ मेल्यासारखी पडली, आणि मी तेवढ्या वेळात म्हातारी झाले. मग तिनं चोच उघडली आणि पाणी प्यायली.

तुम्ही आलात तेव्हा ती पोत्यावर उभी राहून दाणे टिपत होती. पाटी डोक्यावरून न उतरवता तुम्ही विचारलंत, "काय क्येलंस?"

"एरंडेल पाजलं. जंत पडलं."

"जंत."

"व्हय."

तुम्ही पाटी खाली ठेवलीत. तिला उचललीत, पोटाखाली हात धरलात. चाचपायला बोट नेलंत आणि मध्येच थांबवलंत. "जंतच आसतील," म्हणालात, आणि तिला खाली ठेवलीत.

तोवर तिनं दुसरं अंडं दिलं नाही, आणि मंगळवारी देवळात गेलो. तुमचा मुलगा आला होता. कोंबडीची मान पडेपर्यंत मला कसलीच भीती नव्हती. भीती होती ती नंतर साफ करताना. कोंबडी अंड्यावर आलेली असली की पोटात पिवळ्या बलकांचा घोस निघतो, मोठ्यापासून मोहरीएवढ्यापर्यंत, तो कुणापासून लपत नाही. म्हणून मी विळी ओढून बसले. तुम्ही म्हणालात, "ऊठ. पोरीला घे. हे मी करती." जन्मात कधी तुम्ही माझ्या हातचं काम घेतलं नव्हतं. तुम्ही सगळ्यांकडं पाठ करून बसलात. एरवी तो घोस रश्श्यात शिजवून आळीतल्या पोरांना वाटायचा तुम्ही, मोठा बलक कुणाला यावरून भांडणं व्हायची. त्या दिवशी रश्श्यात तो नव्हता. काकू पातेल्यात डाव फिरवून म्हणाल्या, "तलंगच व्हती म्हनायची." तुम्ही म्हणालात, "मंग? मी काय खोटं बोलती?"

त्यावर आपण दोघी पुढं पंचवीस वर्षं एका चुलीपाशी बसून एक शब्द बोललो नाही. पोरगी जरा शिंकली की तुम्ही माझ्याकडं बघायचा आणि मी चुलीकडं. तिचं लग्न झालं, तिची बाळंतपणं झाली, दर वेळी मी दारात उभी राहून तेच मोजत राहिले, की फसवल्याचं मागायला मरीआई आता आली का. तुम्ही गेलात, मग ती भीती मला एकटीला बाळगावी लागली. आणि आता हा गोळा. मला माहीत आहे कोंबडीचा आणि त्याचा काही संबंध नाही. डॉक्टरला विचारलं तर तो हसेल. मी विचारलं नाही.

टपालात टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि घरातल्या कुणी वाचलं तर म्हातारीला वेड लागलं म्हणतील. कागद घडी करून माझ्या लुगड्यांच्या खाली ठेवते. पण एक तुम्हालाही माहीत नाही, ते लिहिते. अंडं मी पुरलं नाही. टाकावंसं वाटेना. चुलीवर उरलेल्या पाण्यात उकडलं आणि फुंकून फुंकून पोरीला चारलं. अडीच महिन्यांत तिनं पहिल्यांदा खाल्लेलं पोटात ठेवलं. खाऊन झाल्यावर माझी बोटं चाटली आणि आणखी हवं म्हणून हात पुढं केला. मंगळवारनंतर ती जेवायला लागली असं तुम्ही गावभर सांगायचा. ती गुरुवारीच लागली होती. तेवढं तुमच्या तोंडावर सांगायचं धाडस मला तेव्हा नव्हतं, आणि आज तुम्ही दारातून आत येऊन विचारलंत तरी मी जंतच सांगेन.