व्याह्यांसाठी पाठ केलेली विशेषणं

मुक्काम नाचणे, रत्नागिरी
मे १९८४

तीर्थस्वरूप आप्पांस,

सखारामाचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? अंजनवेलच्या खाऱ्या वाऱ्यानं तो आखडतो असं तुम्ही लिहिलंत, पण तुमची बहीण म्हणते की आमच्या आप्पाचा गुडघा देवळाच्या पायऱ्या बघूनच आखडतो, पत्ते खेळायला माडीवर जाताना कधी आखडलेला नाही. (हे येसूचं म्हणणं. मी फक्त लिहून घेतलं.) वहिनींना नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत, आणि सहदेवाचं लग्न ठरलं, ही मुख्य बातमी. पण ते कसं ठरलं हे ऐकाल तर तुम्हीच कपाळाला हात लावाल, कारण सगळं तुमच्या सल्ल्यामुळे झालं.

मुलगी मद्रासची, मुंबईत सहदेवाच्याच बँकेत, मराठी आपल्यासारखं बोलते. पण तिच्या वडलांना मराठी येत नाही, हिंदी येत नाही, राहता राहिलं इंग्रजी. घर आणि माणसं बघितल्यावरच होकार देऊ, असं त्यांनी कळवलं होतं. मराठी शाळेत जन्म घालवलेला मी, व्याह्यांशी बोलायला मुलाला दुभाष्या करून बसवणार होय? म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही कळवलंत की क्रियापदं हातवाऱ्यांनी भागतात, विशेषणं भागत नाहीत, तेव्हा विशेषणं पाठ कर. आणि समानार्थी शब्दांची पुस्तिकाही पाठवलीत. आप्पा, तुम्ही रेल्वेच्या कचेरीत इंग्रजी टाइप करत होतात, बोलत नव्हतात, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

मी नेमानं अभ्यास केला. दारचा माड सकाळी ‘टॉल’, दुपारी ‘हाय’, दिवेलागणीला ‘लॉफ्टी’. शेजारच्या महिपताची म्हैस ‘फॅट’, मग ‘स्टाउट’, मग ‘प्लंप’. (म्हशीनं तक्रार केली नाही. महिपतानं केली, मी जनावराला दृष्ट लावतो म्हणून.) मिरकरवाड्याहून चंपा बांगडे घेऊन आली, तिला म्हटलं, ‘फ्रेश!’ ती खूश झाली. पुढचा शब्द ‘रॉ’ होता, तोही म्हटला. तिनं अर्थ विचारला, मी कच्चे म्हणून सांगितला. तर म्हणते कशी, “मग काय शिजवून आणू?” त्या दिवशी आम्हाला बांगडे मिळाले नाहीत.

तर ठरल्या दिवशी व्याही आणि विहीण मद्रासहून रेल्वेनं कोल्हापूरला आणि तिथून एस.टी.नं आली. बरोबर सहदेव होता, पण पाहुण्यांना ओटीवर बसवून तो परतीचं रिझर्वेशन करायला स्टँडवर गेला. बायका आत गेल्या. त्यांना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी पाच मिनिटांत नारळ खवण्याचा आणि हसण्याचा आवाज यायला लागला. बाहेर आम्ही दोघे. व्याही घराच्या वाशांकडे बघत होते. मी ठरवल्याप्रमाणे घराची ओळख करून दिली: “ओल्ड. एन्शंट. अँटिक.” नेमकी तेवढ्यात येसू पन्ह्याचे पेले घेऊन दारात आली. व्याही ताडकन उठले आणि त्या अँटिकला हात जोडून उभे राहिले.

येसूला इंग्रजी येत नाही म्हणून निभावलं. पण मग विहीणबाई बाहेर आल्या, हातात खवलेल्या नारळाचं ताट, कसला तोरा नाही. मला भरून आलं. इतकी साधी माणसं मिळाली, हे बोलून दाखवावंसं वाटलं. साधी म्हणजे ‘सिंपल’, आणि पुस्तिकेत त्याखाली दिलेले सगळे शब्द मला तोंडपाठ. मी व्याह्यांना म्हटलं, “युवर वाइफ... सिंपल. प्लेन. ऑर्डिनरी. व्हेरी कॉमन.”

आप्पा, व्याह्यांच्या तोंडातला फणसाचा गरा चावायचा थांबला. विहीणबाईंनी ताट खाली ठेवलं. व्याही उठले आणि खोलीत आपल्या बॅगेकडे गेले. येसू मला हळूच म्हणाली, “काय वो, त्या मानसाला काय बोल्लाव तुमी?” मी म्हटलं, “चांगलंच बोललो.” ती म्हणाली, “मग तो बॅग कशाला उघडतोय?” स्टँडवरून परतलेल्या पोराला काय सांगायचं? चार शब्द बोललो आणि तुझं लग्न मोडलं?

व्याही बाहेर आले, ते हातात मराठी शिकायचं छोटं पुस्तक घेऊन. चष्मा लावला, बोट ठेवून शोधलं, येसूकडे बघितलं आणि मला एकेक शब्द तोलून म्हणाले, “तुमची बायको... मोठी. थोर. अवाढव्य.”

(तुमच्या बहिणीचा बांधा तुम्ही जाणताच.)

पहिली येसूच हसली, इतकी की तिला खांब धरावा लागला. ती हसते म्हणून विहीण हसली, मग व्याही, मग मी. त्यांनी उट्टं काढलं की मनापासून स्तुती केली, हे मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायला शब्दही नाहीत. सहदेव परतला तेव्हा आम्ही दोघे दोन पुस्तकं समोर ठेवून माडाचं वर्णन करत होतो. रात्रीच्या जेवणावर त्यांनी होकार दिला. येसूनं त्यांना कोकमं आणि फणसपोळी बांधून दिली, आणि तेव्हापासून स्वतःला अवाढव्य म्हणवून घेते.

मुलांना आशीर्वाद.

तुमचा
सखाराम

ता. क. लग्न मार्गशीर्षात दादरला. स्वागत समारंभात वरपक्षातर्फे कुणीतरी इंग्रजीत भाषण करावं, अशी व्याह्यांची इच्छा आहे. मी तुमचं नाव सांगून टाकलं. ते मद्रासला पत्रिकेत छापायला गेलंसुद्धा, त्यामुळे आता नाही म्हणण्यात अर्थ नाही.

ता. क. दुसरा. भाषणात मुलीच्या आईचा उल्लेख करावाच लागेल. तिथं नुसतं ‘मदर’ म्हणा आणि पुढे चला.