दरवर्षीचा शेवटचा सीझन

प्रिय डेस्मंड,

फोनवर तुझ्याशी धड भांडताही येत नाही. मी मुद्द्यावर आले की तू कॅमेरा फिरवून, जिथे खेळायला गेलायस त्या कुताइसीचे डोंगर दाखवतोस, नाहीतर ताटातली ती चीज भरलेली भाकरी. म्हणून हे पत्र लिहितेय. पूर्ण वाच. हसून बाजूला ठेवलंस तर बघ.

इथे उतेनात सगळं ठीक आहे. तळं अजून गोठलेलंच आहे. आपल्या लेकीनं, उग्नेनं पोहण्याच्या शर्यतीत दुसरा नंबर काढला. ती बास्केटबॉल खेळत नाही म्हणून तू एक वर्ष तोंड पाडून बसला होतास, तेव्हा ही बातमी नीट आनंदानं ऐक. माझी आई रोज विचारते, "डेस्मंडस कधी येणार?" तुझ्या नावाला आमचा लिथुआनियन 'स' जोडल्याशिवाय तिला तू घरातला वाटतच नाहीस. परवा म्हणाली, "अडतीस वर्षांचा घोडा झाला आणि अजून चड्डी घालून पळतोय. आमच्याकडे या वयात माणसं मधमाश्या पाळतात." मी तुझी बाजू घेतली नाही. कंटाळा आलाय मला तुझी बाजू घ्यायचा.

पहिल्यांदा आलास तो हिवाळा आठवतो? ओहायोतल्या कॉलेजात तू हिरो होतास. गावातल्या न्हाव्याच्या दुकानात तुझा फोटो लावलेला होता म्हणे. आणि मग तिकडच्या मोठ्या लीगनं तुला घेतलंच नाही. एजंट म्हणाला, लिथुआनिया, आणि तू नकाशा उघडलास. कॅनव्हासचे बूट घालून बर्फात उतरलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मी नवीनच पंच झाले होते. तू माझ्यावर डोळे वटारलेस, मी टेक्निकल फाउल दिला. सामना संपल्यावर येऊन विचारलंस, "तुला खरंच दिसलं, की अंदाजानं शिट्टी वाजवलीस?" एवढ्या उर्मट माणसाशी मी लग्न का केलं, हे आईला मी अजून पटवून देऊ शकलेले नाही.

पण खेळायचास छान. ते मी नाकारत नाही. रिंगवरून उसळलेल्या चेंडूसाठी, रिबाउंडला तू उडी मारलीस की आख्खा हॉल श्वास रोखून बसायचा. मग पोलंड, मग ग्रीसचं ते बेट, बल्गेरिया, हंगेरी. प्रत्येक ठिकाणी निघताना दारात उभा राहून तेच वाक्य, "युर्गा, हा शेवटचा सीझन." इथल्या क्लबनं तर तुझा निरोप समारंभ दोनदा केला. महापौरांनी दोन्ही वेळा अंबरच्या पिवळ्या खड्यांचं एकसारखंच जहाज भेट दिलं. दुसऱ्या वेळी देताना बिचाऱ्यांचा चेहरा पाहवत नव्हता, आणि तू मात्र हात हलवत उभा! दोन्ही जहाजं कपाटावर आहेत. त्यांची धूळ मी पुसते.

गेल्या उन्हाळ्यात कौनासच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "यात आता उडी उरलेली नाही." तू मान डोलावलीस. मला वाटलं, चला, समजलं एकदाचं. इथल्या शाळेच्या मुख्य बाईंनी तुझ्यासाठी क्रीडाशिक्षकाची जागा राखली. मी बाहेरगावचे सामने कमी करायचं कबूल केलं. आणि ऑक्टोबरात तू कुताइसीला जायला बॅग भरलीस! मी विचारलं तर म्हणालास, "इथे राहून मी कोण होणार? पंचबाईंचा नवरा?"   पंचबाईंचा नवरा असणं एवढं वाईट आहे का रे? मी इतकी वर्षं "त्या अमेरिकनाची बायको" म्हणून या गावात वावरले, मला तर काही झालं नाही.

शाळेच्या बाई कालच भेटल्या. म्हणाल्या, "या महिन्यात तरी सांगा, नाहीतर दुसरा माणूस बघते." त्यांचंही बरोबर आहे. जागा किती दिवस रिकामी ठेवणार?

आता खरं सांगते. रविवारी तू फोनवर म्हणालास, "मस्त खेळलो, जिंकलो, गुडघा एकदम झकास." डेस्मंड, तो सामना इंटरनेटवर दाखवत होते. स्वयंपाकघरात बटाटे किसता किसता मी आणि उग्नेनं तो सगळा पाहिला. तू पूर्ण वेळ बाकावर होतास. शेवटी कोचनं तुला हाक मारली, तू जॅकेट काढून उभा राहिलास, आणि त्याचं मन बदललं. त्यानं नुसता हात हलवला. तू परत जॅकेट घातलंस, चेन गळ्यापर्यंत ओढलीस आणि मैदानातल्या पोरांसाठी टाळ्या वाजवायला लागलास. उग्नेनं लॅपटॉप बंद केला. म्हणाली, "आई, आपण पाहिलं हे त्याला सांगू नकोस." मी तिला वचन दिलं. म्हणून तुझा फोन आला तेव्हा मी "अरे वा" म्हणाले आणि ती पाठ फिरवून ताटं मांडत राहिली. ते वचन मी आज मोडतेय, कारण झोपायला जाताना तिनं मला विचारलं, "त्याला बसायचंच असेल, तर तो इथे येऊन का नाही बसत?"  याचं उत्तर तू ये आणि तिला दे. विल्निअसच्या विमानतळावर आम्ही दोघी येऊ. तिथे काही समजावून सांगू नकोस, नुसता गाडीत बस.

तुझीच,
युर्गा