मैदानातली वाट

प्रिय विनीत,

किनाऱ्याकडे जाणाऱ्या आपल्या पाणंदीच्या फाटकाला तू लावलेलं कुलूप मी काल फोडायला लावलं. तू कामाला ठेवलेला शंकर ही बातमी तुला मीठमसाला लावून सांगेल, त्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून लिहिते आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

नवरात्र झाल्यावर तू मला तिकडे विलायतेत बोलावलंस, तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे नाकारत नाही. भावाला एवढ्या वर्षांनी बहिणीला घेऊन फिरावंसं वाटलं, असं मी धरून चालले. मला गरम कोट घेतलास, ती पांढरी टोपी घेतलीस. सेंट अँड्र्यूजचं मैदान म्हणजे गोल्फवाल्यांची काशी, तिथे मोठा सामना बघायला मिळणं भाग्याचं, असं गाडीत ऐकवत राहिलास. मला ते मैदान पहिल्या नजरेत मिठबावच्या किनाऱ्यामागच्या आपल्या जमिनीसारखंच दिसलं. वाळूवरचं खुरटं गवत, काटेरी झुडपं, अंगाला झोंबणारा वारा, पलीकडे समुद्र. आपल्याकडे त्यावर म्हशी चरतात, तिथे तुझ्यासारखे लोक कुजबुजतात, एवढाच फरक.

प्रेक्षकांना अडवायला बांधलेल्या दोराच्या अलीकडून आपण खेळाडूंच्या मागे मागे चालत होतो. चेंडू कुठे पडला ते मला एकदाही दिसलं नाही. तुझं लक्षही चेंडूकडे नव्हतं. आपल्या जमिनीवर असंच हिरवं मैदान होणार, कंपनी तयार आहे, फक्त ताई, तुझी सही, हे तू माझ्या कानाशी सांगत होतास. मी म्हटलं, सही घरी गेल्यावर बघू. तू हसलास. त्या हसण्याचा अर्थ मला इथे आल्यावर कळला.

पण विनीत, तू मैदान चुकीचं निवडलंस. शेवटच्या खड्ड्याजवळ एक रस्ता सरळ त्या गवतातून समुद्राकडे जातो, आठवतो ना? हजारो माणसं श्वास रोखून उभी होती आणि ज्याच्यासाठी उभी होती तो खेळाडू काठी टेकून थांबला होता. का, तर एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. तिला कसलीच घाई नव्हती. दोर धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला मी माझ्या कॉलेजातल्या इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, ही गावाची वाट आहे, ती कुणाला बंद करता येत नाही. सामना नसला की रविवारी खेळ बंद असतो आणि गावातले लोक कुत्री घेऊन याच गवतावर फिरतात. तू माझी बाही ओढून मला गुणफलक दाखवायला लागलास. तुलाही ऐकू आलं होतं.

परत आले तर पाणंदीच्या तोंडाशी लोखंडी फाटक. दोन्ही अंगांना काटेरी तार. हसनची रापण, किनाऱ्यावरून सगळ्यांनी ओढायचं ते मोठं जाळं, आदल्या दिवशी ओढून झाली होती, आणि त्यातली मासळी डोक्यावर घेऊन बायका टेकाडाला वळसा घालून डांबरी रस्त्याला पोचल्या, तोवर गाडीवाला निघून गेला होता. बांगडा नासला. हसनची बायको हवाबी आपल्या पायरीवर बसून होती. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तू थंय चेंडू बघूक गेलंस गो ताई, आणि हंय आमची वाट गेली."

मला माहीत नव्हतं, हे तिला पटवायला मला माझ्याच दारात शपथ घ्यावी लागली. खांब कधी पुरले ते मी शंकरला विचारलं. मी विमानात बसले त्याच दिवशी. म्हणजे तू मला मैदान दाखवायला नेलंच नव्हतंस. घर रिकामं हवं होतं म्हणून नेलंस.

शर्टाच्या ओच्यात बांगडे घेऊन याच पाणंदीने तू घरी धावत यायचास. रापणीच्या दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा, हा इथला रिवाज. तू दोराच्या शेपटाला नुसता लोंबकळायचास, ओढायचास कसला. तरी हसनच्या बापाने तुला कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाही. तेच बांगडे खाऊन तू मोठा झालास, आणि आज त्यांच्या वाटेवर कुलूप घालतोस.

तेव्हा नीट वाच. जमीन दोघांची आहे आणि माझी सही तुला मिळणार नाही. आज नाही, मी मरेपर्यंत नाही. फाटक उपटून बांधाला टेकवून ठेवलं आहे, हवं तर घेऊन जा. आज सकाळी रापण लागली तेव्हा मी पदर खोचून दोराला हात लावला. या वयात तळहात सोलले. वाटा घालताना हवाबीने सवयीने, तू लहान असल्यापासून काढत आलेत तसा, तुझ्या नावाचा ढीग वेगळा काढला. तो मी परत मोठ्या ढिगात लोटला.

यशोदा

शंकरच्या हाती दिलं: तुटलेलं कुलूप, किल्ल्या, पांढरी टोपी, सही न केलेला संमतीचा कागद.
हवाबीकडून मिळालं: बांगड्यांचा एक वाटा. माझा.