विचारलं होतं, असं मी म्हणाले

सर, त्या दिवशी मी तुम्हाला काही विचारलं नव्हतं. "मी विचारलं होतं, तुम्ही हो म्हणालात," असं मी तुमच्या तोंडावर सांगितलं, ते खोटं होतं. तुम्हाला जाऊन आता तीस वर्षं उलटून गेली आणि आज कुठे मी हे कागदावर लिहितेय. करून सवरून नामानिराळी राहणारी माणसं तुम्हाला मुळीच खपायची नाहीत, आणि तुमच्याच प्रयोगशाळेत तुमच्याच हाताखाली तसली एक सहायक वाढत होती, हे तुमच्या कधी लक्षात आलं नाही. की आलं होतं? ही शंकाही मला अधूनमधून खातेच.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. तुमच्या निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलेलं आणि हाताचा कंप वाढलेला. खडू धरलात की फळ्यावर सरळ रेघ उमटेना. सही करायला प्राचार्यांच्या खोलीत जायची वेळ आली की तुम्ही मला सोबत न्यायचात, मी कागद दाबून धरायचे. डोकं मात्र असं लख्ख की पंधरा वर्षांपूर्वीच्या मुलाचा रोल नंबर सांगाल. तेव्हाच तुम्ही ते पुस्तक लिहायला घेतलंत. खेड्यातल्या ज्या शाळांत प्रयोगशाळा नाही, तिथल्या मास्तरांसाठी घरच्या वस्तूंनी करायचे प्रयोग. आमसुलाच्या पाण्यात चुना टाकून रंग कसा पालटतो ते बघायचं. जांभ्या दगडाचा तुकडा कोरडा तोलायचा, मग रात्रभर भिजवून तोलायचा, किती पाणी प्यायला ते काढायचं. करवंटीला तळाशी भोक पाडून वेळ मोजायची. मी म्हटलं, सर, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. तर म्हणालात, "नको गो. तू लिहिलंस की ते तुझं होतं. मला माझं लिहायचंय." मी तेव्हा नाक मुरडलं होतं. म्हटलं, एवढा कसला ताठा!

मग केळशीचा तुमचा तो जुना विद्यार्थी दुबईहून सुट्टीवर आला. तिकडे एसी दुरुस्त करायचा. तुमचा हात बघून गेला आणि पुढच्या खेपेला कापडी पिशवीतून एक करडी पेटी घेऊन आला. झाकण उघडलं तर आत पडदा आणि खाली कळा. "लॅपटॉप म्हणतात सर याला. मांडीवर घेऊन लिहायचं. हात हलला तरी अक्षर नाही हलत." तुमच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तुम्ही काकूंवर उगाचच ओरडलात, चहा कुठे राहिला म्हणून. मराठी अक्षरं त्यात नव्हती, म्हणून तुम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागलात. एकेक कळ, एका बोटाने. बोट थरथरलं की एकच अक्षर दोनदा पडायचं. 'करवंटी' लिहिताना चार 'व्ही' झालेले मला आजही दिसतात. तुम्ही मागे जाऊन तीन पुसायचात आणि पुढे सरकायचात. रोज सकाळी दोन तास, सहा महिने.

त्या पेटीत आताच्यासारखी हार्ड डिस्क नव्हती. एक फ्लॉपी लागायची, आणि मेमरीचा थोडा भाग असा होता की पेटी बंद केली तरी आतल्या छोट्या बॅटरीच्या जोरावर त्यातलं लिखाण टिकून राहायचं. पावसाळ्यात आपल्याकडे चपलांना बुरशी येते, फोटोंना येते, ती फ्लॉपीला कशी सोडेल? श्रावणात एका फ्लॉपीवर पांढरे ठिपके धरले आणि तुमचे चार प्रयोग वाचता येईनात. तेव्हा शहाणपण कोणी शिकवलं? मीच. "सर, फ्लॉपीचा काही भरवसा नाही. मेमरीतच ठेवा सगळं, तिला ओल लागत नाही." तुम्ही मानलंत. यंत्राच्या बाबतीत तुम्ही माझं ऐकायचात, आणि मला त्याचा किती माज होता म्हणून सांगू!

गणपती झाले नि ती मेमरी भरली. पडद्यावर जागा संपल्याची ओळ येऊ लागली आणि साठाव्या प्रयोगाशी तुमचं घोडं अडलं. मेमरी वाढवायची तर आत एक जास्तीचं कार्ड बसवावं लागणार होतं. ज्या कंपनीची पेटी, तिचं स्वतःचं कार्ड दुबईतही मिळेना. त्या मुलाने तिथल्या एका मासिकाची पानं फाडून पाठवली, त्यात इतर तीन कंपन्यांच्या त्याच मापाच्या कार्डांच्या जाहिराती होत्या. आपण दोघं तुमच्या ओटीवर ती पानं पसरून बसलो होतो, आठवतं? मी सगळ्यांत मोठं कार्ड निवडून मोकळी झाले होते. तुम्ही भिंग घेऊन बारीक अक्षरं वाचायला लावलीत. "जागा किती ते तर दिसतंच आहे गो. ते वीज किती पितं ते बघ. आपल्याकडे दिवे चार चार तास जातात, हे खादाड कार्ड बॅटरी संपवून बसेल." मग वेग जुळतो का, पट्टीवरचे संपर्क सोन्याच्या मुलाम्याचे आहेत का, की खाऱ्या हवेत वर्षात काळे पडतील, असं एकेक तुम्ही विचारत गेलात आणि मी उत्तरपत्रिकेच्या पुरवणीवर मांडत गेले. शेवटी मधलं कार्ड ठरलं. परक्या कंपनीचं, पण कमी वीज खाणारं. मी मनातल्या मनात चडफडले, कारण तुमचं बरोबर होतं.

दिवाळीच्या आधी कार्ड आलं, दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात अत्तराच्या बाटलीला टेकून. त्या कार्डाला शेवटपर्यंत अत्तराचा वास होता. सोबत इंग्रजीत छापलेली चार पानांची पत्रिका. मी पहिलं पान वाचलं, चित्रं बघितली आणि ती घडी करून पर्समध्ये टाकली. रेडिओ, प्रयोगशाळेतला ऑसिलोस्कोप, काय काय उघडलेलं मी. मला काय पत्रिका वाचायचीय?

रविवारची दुपार. काकू मागच्या दारी घावनांचं पीठ ढवळतायत, तुम्ही त्यांना नारळ सोलून द्यायला गेलायत. थरथरत्या हातांनीही ते काम तुम्ही सोडलं नव्हतं. मी ओटीवर एकटी. नळाला हात लावून आले, अंगातली वीज चिप्सना लागू नये म्हणून. पेटी उलटी केली, वाटी घेतली स्क्रू ठेवायला. आणि सर, तुमच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवसापासून आमच्या हाडीमाशी मुरलेली एक सवय होती. कुठलंही यंत्र उघडायचं तर आधी सेल काढायचे. खाऱ्या हवेत सेल गळतात, संपर्क गंजतात, उघड्या यंत्रात वीज राहिली तर घात होतो. कितीतरी पोरांच्या हातावर तुम्ही त्यासाठी पट्टी मारलीत. माझा हात आपोआप गेला. मोठी बॅटरी काढली. मग आतली छोटी, तिची तार उपसून ठेवली. एका क्षणात. तुमचे एकोणसाठ प्रयोग त्या तारेवर जगत होते, हे मला ठाऊक होतं की नाही? होतं सर. विचारलं असतंत तर मी फाडफाड समजावून सांगितलं असतं. पण हात आधी गेला आणि डोकं मागाहून आलं, आणि आलं तेही पेटी सुरू केल्यावर.

कार्ड छान बसलं. पेटी सुरू केली तेव्हा पडद्यावर मेमरीचा आकडा भराभर चढत गेला. तुम्ही नारळाचे हात धोतराला पुसत माझ्यामागे येऊन उभे होतात आणि तुम्ही चक्क टाळी वाजवलीत. "जमलं की गो!" मग तुम्ही तुमचं लिखाण उघडायला सांगितलंत. यादी रिकामी. मी पुन्हा कळ दाबली. रिकामी. तुम्ही म्हणालात, "माझं कुठे गेलं?" ओरडला नाहीत. लहान आवाजात विचारलंत. आणि मी, सर, एक श्वासही न घेता म्हणाले, "म्हणजे? फ्लॉपीवर उतरवून घेतलं नव्हतंत? मी विचारलं होतं ना, मघाशी चहाच्या वेळी. तुम्ही हो म्हणालात."

मी आधी ठरवून बोलले नव्हते. पण बोलल्यावर मागेही घेतलं नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग स्वतःच्या हातांकडे. "म्हणालो असेन," म्हणालात. तेवढ्यात काकू दारात येऊन म्हणाल्या, "हल्ली चष्मासुद्धा विसरतात हो ते," आणि माझ्या खोट्याला असा बळकट खांब मिळाला की मी अगदी सुटकेचा श्वास टाकला. वड्याचं तेल वांग्यावर काढतात तशी माझी चूक मी तुमच्या वयावर काढली. वर तुम्हीच माझी समजूत घालायला लागलात. "तू कशाला तोंड पाडून बसलीस? तुझा काय दोष? तू विचारलंस, मीच बावळट." मग आपण घावनं खाल्ली. नारळाच्या रसात बुडवून मी चार खाल्ली. चवीने खाल्ली. याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते, का ते नीट सांगता येणार नाही. घरी येऊन पत्रिका उघडली. दुसऱ्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, आधी सगळं फ्लॉपीवर उतरवा, मगच बॅटरी काढा. मी ती फाडून न्हाणीच्या चुलीत टाकली.

मला वाटलं होतं, तुम्ही पुन्हा लिहाल. सहा महिन्यांचं काम आहे, करतील, मी मदत करीन, चुकीची भरपाई होईल. पण तुमचं लिखाण गेलं त्याहून वाईट काहीतरी झालं. तुमचा स्वतःवरचा विश्वास गेला. दुसऱ्या आठवड्यापासून तुमच्या खिशात चिठ्ठ्या दिसायला लागल्या. तासाला जाताना मला विचारायचात, "हा धडा मी काल घेतला नाही ना?" घेतलेला नसायचाच. तुमचं सगळं बरोबर असायचं आणि तरी तुम्ही विचारायचात. निरोपसमारंभात भाषण करायला नाही म्हणालात. मुलं दुखावली. तुम्ही मला एकटीला सांगितलंत, "मधेच काय बोलतोय ते विसरलो तर? नको ती शोभा." मी मान हलवली. तेव्हा तरी बोलायचं होतं ना! एक वाक्य होतं. माझी नोकरी गेली नसती, तुम्ही पट्टीसुद्धा मारली नसतीत, हसला असतात बहुतेक. पण जसजसे दिवस गेले तसतसं ते वाक्य जड होत गेलं, आणि मी भित्री.

निवृत्तीनंतर तुम्ही ती पेटी मला देऊन टाकलीत. "हिचा दोष नाही काही. माझाच मला भरवसा वाटत नाही. तुझ्या उपयोगी पडेल." पडली, सर. त्याच पेटीवर मी शिकले, पुढे कॉलेजात कॉम्प्युटरची खोली झाली तेव्हा माझ्याकडेच आली, लोक मला बाई म्हणून मान देऊ लागले. तुम्ही दोन वर्षांत गेलात, छातीच्या दुखण्याने. काकू पुढे वीस वर्षं होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, त्या कॉम्प्युटरच्या वेळेपासूनच ह्यांचं विसरणं सुरू झालं. मी समोर बसलेली असायचे. चहा प्यायचे. ते एकोणसाठ प्रयोग आठवून मांडायचा प्रयत्न मी नंतर केला. बावीस जमले, पण त्यात तुमची भाषा नाही.

आणि गेल्या मंगळवारी तुमच्या मुलीचा फोन आला. तेव्हा अलोऱ्याला कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत राहायची ती, आता पुण्याला असते. सदुसष्ट वर्षांची झाली. नावं विसरते म्हणून डॉक्टरकडे गेली होती. डॉक्टरने विचारलं, घरात आणखी कोणाला असं होतं का, कितव्या वर्षी सुरू झालं? मग ती मला विचारू लागली. "बाबांना साठीच्या आतच लागलं ना गं? आई तसंच सांगायची. तू होतीस ना त्या दिवशी तिथे?" मी होते. एका वाक्यात तिची अर्धी भीती उतरली असती. तुझ्या बाबांना काहीही झालं नव्हतं, ते काहीच विसरले नव्हते, मी खोटं बोलले. एवढंच. आणि मी काय म्हणाले माहीत आहे? "हो, तेव्हा थोडं तसं वाटलं होतं खरं." तिने ते लिहून घेतलं. मला पेनाचा आवाज ऐकू आला. आता तुमच्या नावापुढे डॉक्टरच्या कागदावर तो आजार लागला असेल, आणि तिलाही तीच वाट दाखवली असेल.

दोन दिवस फोन हातात घेऊन बसतेय. नंबर काढते आणि ठेवून देते. सर, खरं सांगायचं तर हे पत्र तिलाच लिहायला हवं. तुम्हाला लिहीत बसले, कारण तुम्ही मला माफ करून टाकाल आणि ती करेल की नाही ते मला ठाऊक नाही.