छायेची वही आणि दादारावचे स्टूल

मी, प्रभाकर रघुनाथराव खोडे, वय वर्षे सहासष्ट, निवृत्त शिक्षक, राहणार पांढुर्णा, जिल्हा छिंदवाडा, आज मंगळवारी कोणाच्याही दडपणाखाली न येता, शुद्धीवर राहून, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. "मन स्थिर आहे" असे लिहा म्हणून सौंसरच्या वकीलसाहेबांनी बजावले होते. अठ्ठावीस वर्षे मी होऊ घातलेल्या गुरुजींना मानसशास्त्र शिकवले. मन स्थिर असते असे माझ्या हातून लिहिले जाणार नाही. कोणाला काय देतो आहे ते मला कळते, एवढे पुरे समजावे.

कलम १. राहते घर अनिल आणि स्मिता या माझ्या दोन्ही मुलांना समान. अनिल भोपाळला सरकारी नोकरीत आहे आणि दर पत्रात "बाबा, घर विका अन् इकडे या" असे लिहितो. तिकडे येऊन मी काय करू, तिसऱ्या मजल्यावर बसून कुंडीतल्या तुळशीची पाने मोजू? माझ्यानंतर विकायचे तर खुशाल विका. मात्र गच्चीवरचा अँटेनाचा खांब भंगारात देऊ नये. तो दादाराव घागरे यांनी उभा केला आहे.

कलम २. माझी पत्नी कै. सुधा हिचे शिलाई मशीन स्मिताला. मशीनवरचे लाकडी झाकण उचलून आत नीट पाहत जावे. मी पाहिले नाही, त्याचे फळ पुढे लिहिले आहे.

कलम ३. माझे चार परदेशी ग्रंथ माझे जुने सहकारी अरविंदराव यांना. संस्थेत मी टीव्हीवरच्या गुन्हेकथांवर व्याख्यान दिले तेव्हा सगळ्यांसमोर ते म्हणाले होते, "खोडेसर, खून कोणी केला ते शेवटी टीव्हीवाले सांगतातच की!" हशा पिकला. ते ग्रंथ वाचणार नाहीत हे मला ठाऊक आहे; पण कपाटात दिसले की बोचतील, तेवढे पुरे.

आता माझी वही, जिच्यापायी पुढचे सारे घडले. दोनशे बारा पाने, निळे पुठ्ठे. विषय: टीव्हीवरील गुन्हेकथा आणि मनातले आदिबंध. मनाच्या तळाशी नेणीव असते आणि तिथे काही चेहरे आपल्या जन्माआधीपासून ठाण मांडून बसलेले असतात. सर्वांना पोटाशी धरणारी आई, सगळे जाणणारा म्हातारा, हसत हसत काडी लावणारा धूर्त. आणि छाया, म्हणजे आपल्यातले जे आपल्यालाच बघवत नाही ते. गुन्हेकथेत हेच चेहरे कपडे बदलून येतात, आणि गुप्तहेर म्हणजे दिवा घेऊन आपल्याच तळघरात उतरलेला माणूस, असे माझे प्रतिपादन आहे. एका साप्ताहिकाने ते "जागेअभावी" परत पाठवले. त्याच अंकात भरल्या वांग्याला दीड पान जागा होती.

छाया समजावताना मी वर्गात गोटमारीचे उदाहरण देत असे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या या काठावरून आपण सावरगाववर दगड मारतो, आणि त्याच सावरगावात आपल्या बहिणी दिलेल्या असतात. जे स्वतःत नकोसे असते ते समोरच्या काठावर दिसते आणि हात दगडाकडे जातो. मुलांना हे पटकन समजे. शिकवणाऱ्याला समजायला निवृत्त व्हावे लागले.

१९८५ साली मी टीव्ही घेतला. दर रविवारी सकाळी गुप्तहेराची हिंदी मालिका लागे आणि गल्लीतली बारा-तेरा माणसे येत. रीत अशी पडली की प्रत्येकाने आपले बसायचे आपण आणायचे आणि संपले की घरी न्यायचे. जो पुढच्या रविवारी येणार, तो आपले स्टूल घेऊन जाणार. दादाराव स्टूल आणत, पण त्यावर बसायला त्यांना मिळतच नसे. त्यांची हयात रेल्वेत सिग्नलवर गेली; चित्र हलले की तेच गच्चीवर चढून अँटेना नागपूरकडे वळवत. खाली आम्ही "आलं, आलं, गेलं!" असे ओरडायचो. खुनी सापडायचा तेव्हा दादाराव बहुधा गच्चीवर असत.

गोष्ट निम्मी झाली की खुनी कोण ते मी आदिबंधांवरून जाहीर करी. सेहेचाळीस भागांत नऊ वेळा बरोबर आलो. शेजारच्या कलाबाई डोंगरे मंडीत संत्री निवडायला जातात, अक्षर ओळखत नाहीत. त्या एकतीस वेळा बरोबर. पद्धत विचारली तर म्हणाल्या, "ज्याच्या पोटात पाप, त्याच्या घशाले कोरड. पाणी कोन पिऊन राहिला तेवढं पाहा, गुरुजी." मी हसलो. त्यांना या पत्रात काही ठेवलेले नाही, कारण त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला वाटा ठेवू नये असा वकीलसाहेबांचा सल्ला. त्यांनाही नको आहे. "तुमच्या वह्या घेऊन मी चुलीत घालू?" असे त्यांचे म्हणणे.

कलम ४. टीव्ही, अँटेनासह, दादाराव घागरे यांना. कारण लिहिणे भाग आहे.

डिसेंबर १९८६. नागपूरचे एक प्राध्यापक सोमवारी वही न्यायला येणार होते. शनिवारी संध्याकाळी पाहतो तो कपाटात वही नाही. रविवारी मालिका संपली, मंडळी उठू लागली, तेव्हा मी टीव्हीसमोर उभा राहिलो आणि हात वर करून सर्वांना बसवले. टीव्हीवरचा गुप्तहेर शेवटी करतो अगदी तसे. एकेकाला वगळत गेलो आणि दादारावपाशी थांबलो. हा नेहमी हसतो. हा माझ्या शब्दांची नक्कल करतो. हा आदिबंधातला धूर्त आहे, वही यानेच नेली. दादाराव म्हणाले, "मास्तर, शनिवारी मी दिवसभर जामसांवलीले मारुतीच्या दर्शनाले होतो." मी म्हणालो, "अशी सबब प्रत्येक गुन्हेगाराजवळ तयार असते."

तीस वर्षांची मैत्री. मनकर्णावहिनी म्हणजे त्यांची पत्नी तिथेच बसलेली. "तू मले चोर म्हणून राहिला?" एवढेच बोलून ते निघाले. स्टूल तिथेच राहिले.

अकरा दिवसांनी स्मिता आली, ब्लाउज शिवायला तिने मशीनचे झाकण उचलले, आणि आत वही. वहीवर माझाच पंचा गुंडाळलेला. मग आठवले. शुक्रवारी रात्री मीच ती तिथे ठेवली होती. प्राध्यापक वाचतील आणि "यात काही नाही" म्हणतील, या भीतीने नेणिवेने वही लपवली आणि मला कळूही दिले नाही. यावर मी दोन तास व्याख्यान देऊ शकतो. पण दादारावच्या घरी जाऊन दोन वाक्ये मला बोलता आली नाहीत. लाज वाटली, आणि लाजेचा राग मी त्यांच्यावरच काढत राहिलो. प्राध्यापकांना वही दिलीच नाही. चौदा महिने टीव्हीत नुसत्या मुंग्या दिसतात. अँटेना फिरवायला कोणी नाही, आता बघायलाही कोणी येत नाही. कोपऱ्यातले स्टूल मी रोज पुसतो आणि रोज चिडतो.

म्हणून माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या रविवारी त्याच माणसांना बोलावून, टीव्ही बंद ठेवून, हे कलम मोठ्याने वाचावे. चोर मी होतो.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी. वरील मजकूर मी कलाबाई आणि गल्लीतलेच मुकुंद सांबारे या दोन साक्षीदारांना वाचून दाखवला. कलाबाई म्हणाल्या, "मले तर त्याच दिवशी समजलं होतं, गुरुजी. दादारावले चोर म्हनता म्हनता तुमी दोन गिलास पाणी पिले."

"मग सांगितलं का नाही?"

"इचारलं कोनं? अन् आता मेल्यावर सांगसान, तर थो तुमाले शिव्या कुठी देईन?" त्या अंगठा न लावताच उठून गेल्या.

अर्ध्या तासाने दादारावला घेऊन परतल्या. त्याने उभ्या उभ्याच सगळे वाचले. "चौदा महिने, मास्तर? दोन गल्ल्या चालायले चौदा महिने?" मी म्हणालो, चोर मी होतो, दादाराव, मला माफ कर. माफ केले असे तो म्हणाला नाही. "साक्षीदाराले वाटा भेटत नाई म्हनते ना? आन मग पेन." टीव्ही त्याला नको होता. म्हणून कलम चारमधील त्याचे नाव माझ्या सहीने खोडले आहे. टीव्ही कलाबाईंना, ज्या आता साक्षीदार नाहीत आणि एकतीस वेळा बरोबर होत्या. रविवारी वाचून दाखवण्याची अट मात्र कायम, फक्त माझ्या मरणाची वाट न पाहता येत्या रविवारीच, आणि वाचणार मी.

सही झाल्यावर दादारावने कोपऱ्यातले स्टूल उचलले, पाय हलवून पाहिला, "खिळा ढिल्ला झाला," म्हणाला आणि स्टूल घेऊन निघाला. दारातून त्याने विचारले, "मालिका किती वाजता लागते आता?"

मी वेळ सांगितली.

लिहून देणार: प्रभाकर रघुनाथराव खोडे (सही)
साक्षीदार: १. मुकुंद सांबारे (सही)
२. दादाराव घागरे, निवृत्त रेल्वे कर्मचारी (सही)
ठिकाण: पांढुर्णा. दिनांक: ९ फेब्रुवारी १९८८