दोन रंग खोल पाणी

सावबक तळं, मेन
२९ एप्रिल

प्रिय व्हर्ना,

खुट्… सर्र. खुट्… सर्र. वल्ह्याला आपल्या पपांनी गुंडाळलेलं चामडं होडीच्या खोबणीत घासायचं, त्याचा हा आवाज. साठ वर्षांत मी किती होड्या वल्हवल्या त्याची गणती नाही, पण तू ओढायचीस तो ठेका मला कधी साधला नाही. तू ओढायचीस, क्षणभर थांबायचीस, मग पुन्हा ओढायचीस. त्या थांबण्यात मागे गळाला सोडलेली पिसांची नकली माशी पाण्यात जराशी बुडायची आणि पुढच्या ओढीला जीव आल्यासारखी उसळायची. मिस फार्नम शाळेत कविता म्हणताना ओळीच्या मधोमध अशाच थांबायच्या. त्याला यती म्हणतात हे मी त्यांच्याकडून शिकलो. तुला ते कोणी शिकवावं लागलं नाही.

तळ्यावरचा बर्फ शुक्रवारी गेला. दुपारपर्यंत करडा, भोकाभोकांचा पडला होता, मग वारा सुटला आणि संध्याकाळी सगळं पाणीच पाणी. लून पक्ष्यांची जोडीही आली. माझे खांदे अजून चालतात. डॉक्टर म्हणतात एकट्यानं तळ्यात जाऊ नका, मी म्हणतो बरं, आणि जातो. पण आणखी किती वसंत, ते मलाही ठाऊक नाही. म्हणूनच आज जरा नीट लिहायला बसलो आहे. तू दर ऑगस्टला येतेस, धक्क्यावर खुर्ची टाकून चहा पितेस, आणि मी होडी सोडली की म्हणतेस, “जा तू, माझे पाय ओले होतात.” एकसष्ट वर्षं तुझे पाय ओले होत आलेत, व्हर्ना! मी हसतो, तूही हसतेस. पण माझ्या होडीत तू पुन्हा का बसली नाहीस ते मला माहीत आहे असं वाटतं, आणि एकदा तरी तू बसावंस असं फार वाटतं. त्या दोन्हींच्या मधे एक मासा आहे. त्याच्याबद्दल आपण कधी बोललो नाही.

चौसष्ट सालचा तो वसंत आठव. मी सतरा वर्षांचा, तू एकोणीसची. पपांच्या होडीवर पाहुण्यांना मासेमारीला नेणारा गाइड म्हणून एकाचंच पोट भरणार होतं, आणि लुइस्टन शहरात बुटांच्या कारखान्यात आल्सीडमामानं एक खुर्ची धरून ठेवली होती. एकच. दोघांपैकी एकानं तळ्यावर राहायचं, एकानं तळवे चिकटवायला जायचं. पपांचा कौल उघड होता. मी होडीत बसून लून पक्ष्यांना कविता ऐकवायचो, आणि ते म्हणायचे, “कवितेनं सॅमन लागला असता तर तुझ्या मिस फार्नमच्या फळ्याखाली मासे पोहले असते. मे संपायच्या आत नावाला शोभेल असा एक मासा आण, नाहीतर जा मामाकडे.” मला तर शहराच्या नुसत्या नावानं रात्री घाम फुटायचा.

शिवाय पपांचा तो हट्ट! शिशाच्या गाभ्याची जड दोरी, दर दहा यार्डांना रंग बदलणारी, आणि तिच्या टोकाला आमिष म्हणून लकाकणारा त्यांचा पितळी चमचा. “मोठा मासा खोल असतो. पाच रंग सोड आणि गप्प बस.” जुलैत ते खरंही होतं, ऊन तापलं की मासा खाली गारव्याला जातो. पण तू जेवणाच्या टेबलावर त्यांना तोंडावर सांगितलंस, “पपा, बर्फ गेल्यावर बोटभर स्मेल्ट मासळी ओढ्याच्या तोंडाशी वर येते आणि सॅमन तिच्या मागे. आत्ता तो वरच्या गुडघाभर पाण्यात असतो, तुम्ही त्याला तळघरात शोधताय.” आणि पपा म्हणाले, “पोरींनी बीन्स वाढावेत.” तू वाढलेस. मग त्याच टेबलावर बसून गिनी कोंबडीची राखी पिसं, कुत्र्याच्या शेपटीचे पांढरे केस आणि नाताळच्या झाडावरची चंदेरी तार घेऊन तू एकामागे एक दोन गळांची लांबोडकी माशी बांधलीस. पाण्यात धरली की हुबेहूब स्मेल्ट.

त्या सकाळी पपा पाहुण्यांना घेऊन दुसऱ्या होडीत होते. तू ओढ्याच्या तोंडाबाहेर वल्हवत होतीस, तुझी गळाची काठी गुडघ्याखाली आडवी धरलेली, हलकी दोरी, तिच्या टोकाला कोळ्याच्या जाळ्यासारखा लांब बारीक धागा, आणि ती माशी वरच्या हातभर पाण्यात. मी माझे पाच रंग सोडायच्या नादात आणि एका कवितेच्या तिसऱ्या कडव्यात अडकून दोरीचा असा गुंता केला होता की मांडीवर घरटं बसल्यासारखं दिसत होतं. तेवढ्यात तुझ्या काठीवरची दोरीची चकरी किंचाळली. मासा तीनदा हवेत उडाला. समुद्र कधी न पाहिलेला आपला सॅमन, पण त्या दिवशी त्याच्या अंगात अख्खा समुद्र होता. तू काठी माझ्या हातात कोंबलीस. “धर! मला वल्हं सोडता येत नाही, खाली खडक आहेत!” मी धरली. तू होडी अशी फिरवत राहिलीस की दोरी एकदाही सैल पडली नाही. जाळ्यात घेतला तेव्हा मला रडू फुटलं आणि तू नुसती म्हणालीस, “वेड्या, रडतोस काय, वजन कमी होईल!”

परतताना तू एक गोष्ट केलीस. मी पाठ फिरवून माझा गुंता सोडवत होतो, तुला वाटलं मला दिसलं नाही, पण मी खांद्यावरून पाहत होतो. तू त्याच्या जबड्यातून तुझी माशी काढून खिशात टाकलीस आणि तिथं पपांचा पितळी चमचा अडकवलास. क्लोव्हिसच्या दुकानात वजन करताना मासा कशानं लागला ते दाखवावं लागतं. पपांनी तोंड उघडून पाहिलं आणि सगळ्या गावासमोर माझ्या पाठीवर थाप मारली. “माझाच चमचा! पोरगं शिकलं अखेर!” आयुष्यात त्यांनी मला मारलेली ती पहिली थाप. मासा पेंढा भरून दुकानाच्या भिंतीवर चढला, खाली पितळी पाटी लागली: लिनवुड पेल्की, नऊ पौंड दोन औंस, पितळी चमचा, पाच रंग. जूनमध्ये तू लुइस्टनला गेलीस. अडतीस वर्षं तळवे चिकटवलेस. गोंदाच्या वासानं तुझं डोकं दुखायचं, तरी नाताळच्या कार्डावर लिहायचीस, “इथे मजेत, तळ्याला सांग.”

मी तेव्हा खडकांवर विश्वास ठेवला. पुढे सात वर्षांनी, स्वतःचे पाहुणे घेऊन त्याच ओढ्याच्या तोंडाबाहेर थांबलो असताना सहज ती शिशाची दोरी सरळ खाली सोडली. पहिला रंग संपला. दुसरा संपला. तेव्हा कुठे तळ लागला. तिथे खडक नव्हते, व्हर्ना. दोन रंग खोल पाणी होतं, आणि तुझ्या हातातून वल्हं सुटलं असतं तरी होडीला ओरखडाही उठला नसता. मी पाहुण्यांकडे पाठ करून बराच वेळ दोरी गुंडाळत बसलो. त्या वर्षी तुला पत्र लिहिलं. त्यात हवामान लिहिलं.

पुढे लिहीन, पुढच्या वर्षी सांगीन, असं करत हे सगळं आयुष्य जगलो. किती सुंदर जगलो, ते तुलाच सांगायला हवं. पहाटेचं धुकं, पाहुण्यांना ऐकवलेल्या कविता (ते पैसे देत होते, त्यामुळे ऐकायचे), ईडिथशी लग्न, दोन मुली, आणि दर वसंतात तुझी राखी माशी. हो, मी मे महिन्यात कधीच चमचा वापरला नाही. तुझी बघून बघून बांधायला शिकलो आणि गुपचूप वापरली. सगळं गाव मात्र ती पाटी वाचून दर मे महिन्यात पाच रंग खोल पितळ ओढत राहिलं आणि रिकामं घरी येत राहिलं. लोक म्हणायचे, लिनच्या हाताला गुण आहे. हात तुझा होता, व्हर्ना, आणि तो कुणाला दिसू नये म्हणूनच तू पुन्हा माझ्या होडीत बसली नाहीस. माझं सारं आयुष्य तू मला काठीसारखं हातात कोंबलंस, आणि मी “थँक यू”सुद्धा म्हटलं नाही.

काल दुकानात गेलो. आता क्लोव्हिसची सून बर्नाडेट गल्ल्यावर असते. स्क्रूड्रायव्हर घेऊन शिडीवर चढलो आणि पाटी काढली. ती ओरडली, “लिन, उतर खाली, पडलास तर माझ्या विम्यात तू बसत नाहीस!” मग मी खाली उतरून तिला सगळं सांगितलं. तिनं काढलेली पाटी हातात घेऊन वाचली. मग म्हणाली, “म्हणजे माझ्या सासऱ्यानं आणि मी मिळून साठ वर्षं त्या पाटीच्या जिवावर चमचे खपवले?” मी म्हटलं, हो. “देवा रे! आणि परवाच मी चार डझन मागवलेत!” मग मात्र डोळे पुसले तिनं. कॉफी पीत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एक जण म्हणाला, “साठ वर्षं रे, लिन?” एवढंच. पण ते मला मिळायलाच हवं होतं.

हे पत्र एवढ्यासाठी, की नवी पाटी अजून कोरी आहे. तिच्यावर तुझं नाव यावं, राखी माशी यावी, आणि ती लावायला तू यावंस. त्याआधी एक सकाळ माझ्या होडीत बस. या वेळी वल्हवीन मी. ठेका चुकेल, तू ओरड. काठी तुझ्या हातात असेल, आणि मासा लागला तर मी कुठल्याही खडकाची सबब सांगणार नाही. धन्यवाद, व्हर्ना. हा शब्द लिहायला मला एकसष्ट वर्षं लागली, आणि लिहून झाल्यावर तो

थांब. चिखलात गाडी आली. निळी. तुझ्या गाडीसारखीच आहे, पण तुला तर गाडी चालवायची बंदी आहे. बर्नाडेटनं नक्की फोन केला असणार. दार वाजतंय, मी खिडकीतून बघतोय, आणि बाहेर तू उभी आहेस. काखेत नारिंगी रंगाचं तरंगायचं जाकीट, त्याला किमतीची चिठ्ठी अजून लोंबतेय. आणि ओरडतेयस, “लिन! पाटी काढलीस म्हणे! ती मी तुला दिली होती, परत करणारा तू कोण रे? उघड दार, गुडघे दुखतायत!”

उघडतो.

तुझाच,
लिन