नवसाच्या बोकडाचा पाला

वरंध, माघ वद्य पंचमी

प्रिय,

पुढे तुमचं नाव लिहायला हात धजत नाही, समजून घ्या. दर वेळी मोरूभावजी पत्र लिहून देतात, हे मात्र मी स्वतः लिहितेय. चौथीपर्यंत शिकले, त्याचा एवढा तरी उपयोग.

इकडे सगळे खुशाल. बोकड तर फारच खुशाल. आपलं लग्न झालं त्या वर्षी आत्याबाई वाघजाईला नवस बोलल्या, सुनेला मुलगा होऊ दे, बोकड देईन. एक करडू राखलं आणि त्याचं खाणंपिणं माझ्याकडे आलं. उंबराचा, फणसाचा पाला दव सुकल्यावरच तोडायचा, ओला घातला तर पोट फुगतं. खाली पडलेल्याला तो तोंड लावत नाही, म्हणून जुडी बांधून गोठ्याच्या मेढीला, खांबाला टांगायची. दुपारी नाचणीचा कोंडा, संध्याकाळी मूठभर भिजवलेले कुळीथ, चाटायला खडेमीठ. देवीचं आहे, हात आखडू नको, असं आत्याबाईंचं सांगणं. मी आखडला नाही. आता तो असा माजलाय की दावं धरलं तर मीच फरफटते.

लाजेची गोष्ट पुढे आहे. मागे शेजारची येसूबाई बायांबरोबर पाण्याला जाताना थांबली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "बोकड भरला गो, तू कदी भरशील?" बाया हसल्या. मीही हसले, काय करणार? तेव्हापासून बाया परतल्यावर, उन्हं चढल्यावर मी एकटी पाण्याला जाते. मग मनात आलं, बोकड रोडावला तर कुणी विचारणार नाही. त्याला निम्मंच घालू लागले, कोंडा कोंबड्यांना टाकला. तो मला बघून ओरडायचा, पदर चावायचा. मुक्या जनावरावर राग काढला, याची लाज बायांच्या हसण्याहून जास्त वाटली. पुन्हा पोटभर घालतेय.

पण मी निम्मं घालत होते ते आत्याबाईंनी पाहिलं होतं. काल जेवताना म्हणाल्या, "वांझेच्या हातचा पाला देवीला नाय चालत." उमरठच्या कोंडाजींची बनू त्यांनी तुमच्यासाठी हेरून ठेवलीय. शिमग्याला तुम्ही आलात की बोलणी. जत्रेत बांगड्या भरताना मी तिला पाहिलंय, केवढी हसत होती.

मी वांझ आहे की नाही ते मला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही नाही. शिमग्याला, गणपतीला येता, कधी उकडतं म्हणून, कधी दमलो म्हणून पडवीत निजता आणि मुंबईला परत जाता. तीन वर्षांत तुमचा हात माझ्या अंगाला लागलेला नाही. तुम्ही आजारी आहात की मनात दुसरं कुणी आहे, मी विचारत नाही. नवऱ्याची अब्रू ती आपली अब्रू, म्हणून लोकांचे बोल गिळले. पण बनूला मी यात पडू देणार नाही. शिमग्याला आलात की आत्याबाईंना खरं काय ते तुम्ही सांगा. नाही सांगितलंत, तर पालखीपुढे, त्या सगळ्या बायांसमोर मी सांगेन. लाजेने मरेन, पण सांगेन.

तीन वर्षं नावापुरती तुमचीच,
साळू